परतीचा सामना

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, असं मी तीस वर्षं लोकांना सांगत आले. साफ खोटं आहे ते. तुर्कस्तानातल्या क्लबांनी युरोपच्या स्पर्धांमध्ये कुठे मैदान मारलं आणि कुठे माती खाल्ली, हे मला झोपेतून उठवलंत तरी सांगेन. सांगत नाही, कारण आता विचारणारं माणूस राहिलं नाही. माझे यजमान दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गेले. जायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला एकच गोष्ट विचारली आणि मी तिचं खरं उत्तर दिलं नाही.

खरं उत्तर टीव्हीखालच्या डब्ब्यात आहे, अशी माझी समजूत होती. डब्बा म्हणजे सेट-टॉप बॉक्स, रेकॉर्डिंगवाला. त्यात यांनी एक सामना रेकॉर्डिंगला लावला होता आणि तो बघायचा राहून गेला. मी दोन वर्षं तो उघडला नाही, आणि डब्बा बंदही पडू दिला नाही. दर महिन्याला न चुकता रिचार्ज करायचे, कारण रिचार्ज संपला की रेकॉर्डिंग उघडत नाही. मुलगी म्हणायची, "आई, खामखा का भरतेस? तू तर टीव्ही बघतच नाहीस." मी म्हणायचे, "तुला काय करायचंय?"

गेल्या महिन्यात तीच म्हणाली, की कंपनी हे जुने डब्बे बंद करतेय. नवीन नेटवाला मिळेल, पण जुन्यातलं रेकॉर्डिंग त्यात जाणार नाही. शुक्रवारी माणूस येऊन डब्बा घेऊन जाईल. "जे बघायचंय ते तेव्हापर्यंत बघून घे," ती म्हणाली, सामन्याचं नाव न घेता. आमच्या घरात त्या सामन्याबद्दल अजून कोणी मोठ्यानं बोलत नाही.

हे सगळं मुळातून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला वेडी समजाल. समजा, माझी हरकत नाही, पण पूर्ण ऐकून समजा.

हे महूचे. आजोबा फौजेत, वडील फौजेत, आणि लहानपण छावणीच्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळण्यात गेलेलं. इंदूरमध्ये गल्लोगल्ली क्रिकेट, आणि हा माणूस त्याला "उभ्या उभ्या झोपायचा खेळ" म्हणणारा. पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी होती. मुलगी चार वर्षांची असताना कंपनीनं यांना नवी मशीनं शिकायला आठ महिने तुर्कस्तानला धाडलं. इस्तंबूलजवळ, आशियाच्या बाजूला. ते शहर दोन खंडांत आहे हे मला तेव्हा कळलं. मध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी, अलीकडे आशिया, पलीकडे युरोप, आणि लोक रोज बोटीनं कामाला जातात-येतात.

तिथल्या फोरमनला सगळे उस्ता म्हणायचे, म्हणजे आपला उस्ताद. हे त्याच्याच घरी वरच्या खोलीत राहायचे. उस्ता आशियाच्या काठावरच्या क्लबाचा भक्त होता. क्लबांची नावं मी घेणार नाही, माझी जीभ तेव्हाही वळली नाही आणि आता वळवायची हौस नाही. आमच्या घरात ते रंगांवरनंच ओळखले जात. उस्ताचे पिवळे-निळे. समोरच्या काठावरचे पिवळे-लाल, म्हणजे जानी दुश्मन. तिसरे काळे-पांढरे. आणि लांब काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचे एक, त्यांना आम्ही मरून म्हणायचो.

त्या शरद ऋतूत पिवळे-निळे इंग्लंडला गेले आणि तिथल्या एका बलाढ्य क्लबाला त्याच्याच मैदानावर हरवून आले. त्या मैदानावर युरोपच्या स्पर्धेत चाळीस वर्षं कोणी जिंकलेलं नव्हतं. हे तो सामना उस्ताबरोबर चहाच्या दुकानात बसून बघत होते. उस्तानं यांना उचलून घेतलं, दुकानदारानं पैसे घेतले नाहीत, एक म्हातारा रडायला लागला. आठ महिन्यांनी हे परत आले ते पिवळा-निळा मफलर गळ्यात घालून. मे महिना होता. स्टेशनवर मी म्हटलं, "अहो, काढा ते, लू लागेल नाहीतर लोक हसतील, दोन्हीतलं एक नक्की होईल."

आता मफलरवाल्याचं नशीब बघा. यांच्या क्लबानं युरोपातला एकही मोठा चषक कधी जिंकला नाही. जिंकला कोणी? पिवळ्या-लालनी. अंतिम सामन्यात गोल नाही, त्यांचा एक खेळाडू मैदानाबाहेर काढलेला, तरी पेनल्टीवर जिंकले. त्या दिवशी हे कारखान्यातून आले आणि जेवले नाहीत. मी म्हटलं, "देश तर तोच ना?" तर म्हणाले, "भिया, देश वेगळा, शेजारी वेगळा." चिडले की मलाही इंदुरी थाटात भिया म्हणायचे, म्हणजे भैया.

बाकी सगळ्यांची गत एकच. घरी जिंकायचं आणि परतीला हरायचं. तिथल्या स्पर्धांमध्ये दोन सामने असतात, एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या, आणि दोन्हींचे गोल मिळून निकाल. मरूननी एका इंग्लिश क्लबाला आपल्या घरी एक गोलनं हरवलं आणि परतीला तीन खाऊन आले. काळे-पांढरे एकदा इंग्लंडात आठ गोल खाऊन आले, तो सामना तर यांनी मला बघूच दिला नाही. यांचे पिवळे-निळे एकदा सगळ्यात मोठ्या स्पर्धेत शेवटच्या आठात पोचले. त्याच्या आधी स्पेनमध्ये त्यांच्या गोलकीपरनं सुरुवातीला दोन गोल स्वतःच्या चुकीनं घालवले आणि शेवटी त्यानंच पेनल्टीच्या तीन किक अडवून सामना जिंकून दिला. त्याची गोष्ट हे मुलीला परीक्षेच्या आधी सांगायचे. पुढे त्याच आठात घरी जिंकले आणि लंडनला हरले. काही वर्षांनी दुसऱ्या स्पर्धेत शेवटच्या चारात, पुन्हा घरी जिंकले आणि पोर्तुगालात हरले.

मी म्हणायचे, "अहो, एखादा जिंकणारा क्लब धरा की. वय झालं आपलं." तर म्हणायचे, "जिंकणाऱ्याला कोणीपण धरतं."

सामने आपल्याकडच्या मध्यरात्री असतात. यांची पहिली पाळी, कंपनीची बस सकाळी सहाला. म्हणून सामना रेकॉर्ड करायचा आणि संध्याकाळी घरी आल्यावर बघायचा, असा शिरस्ता पडला. निवृत्तीनंतर सकाळी सातला बघायचे. आणि शिरस्त्याबरोबर कायदा आला: रेकॉर्डिंग संपेपर्यंत स्कोअर कोणी सांगायचा नाही. आता इंदूरमध्ये तुर्की क्लबाचा स्कोअर सांगणार कोण, पोहेवाला? धोका होता तो फक्त घरातल्यांचा.

कारण मला धीर धरवत नाही. पहिल्यापासून हेच. दूध उतू जातंय का बघायला मी चारदा झाकण काढते. मुलगी मोठी झाली, तिच्या हातात मोबाइल आला, तेव्हापासून ती सामना लागायच्या आधी स्वयंपाकघरात नळ सोडून माझ्या कानात स्कोअर सांगायची. मग मी चहा घेऊन बाहेर यायचे आणि हे सामन्याऐवजी आधी माझं तोंड बघायचे.

म्हणून मी उलटा चेहरा करायला शिकले. क्लब जिंकला असेल तर तोंड पाडून यायचं, हरला असेल तर गाणं गुणगुणत. हातोदच्या सरकारी शाळेत अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केली आहे, चेहरा ठेवता येतो मला. पहिल्या दोन-तीन वेळा हे फसले. मग त्यांना कळलं. मी तोंड पाडून आले की हे हळूच हसायचे आणि कपाटातून मफलर काढायचे. मी हसत आले की म्हणायचे, "आज दोन चहा लागतील." मी चिडायचे. म्हणायचे, "मग बघता कशाला, कळलंय तर?" ते म्हणायचे, "बघायला काय हरकत आहे? तू बस."

मी बसायचे. दोन-दोन तास. नवरा-बायको म्हणून आम्ही सगळ्यात जास्त एकमेकांशेजारी बसलो असू, तर ते तिथेच.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च-एप्रिल. यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती, जिना चढताना धाप लागायची. तपासण्या चालू होत्या. ऑपरेशन करायचं ठरलं. आणि त्याच दिवसांत पिवळे-निळे युरोपातल्या तिसऱ्या नंबरच्या स्पर्धेत शेवटच्या आठात आले. समोर ग्रीस, म्हणजे समुद्रापलीकडचे शेजारी. पहिला सामना ग्रीसमध्ये. तीन गोलांनी मागे पडले, मग दोन फेडले. तीन-दोन असे हरले. आम्ही शुक्रवारी सकाळी बघितला. हे खूश. "बाहेर जाऊन दोन गोल केलेत," म्हणाले, "आता घरी एक पुरे." मी म्हटलं, "एकानं बरोबरी होईल." तर म्हणाले, "जुना नियम असता तर एकानं जिंकलो असतो. बरोबरी झाली की बाहेर केलेला गोल जास्तीचा धरायचे. आता काढून टाकला नियम." आणि मग स्वतःशीच, "आमच्या वेळेलाच काढायचा होता."

परतीचा सामना पुढच्या गुरुवारी होता. शनिवारी यांनी माझ्यासमोर रिमोट घेऊन तो रेकॉर्डिंगला लावला. नुसता सामना नाही, त्याच्यापुढचे दोन कार्यक्रमही, मग ते कुस्तीचे का असेनात. जादा वेळ आणि पेनल्टी आल्या तर रेकॉर्डिंग मध्येच तुटू नये म्हणून ते नेहमी तसंच करायचे. मुलगी यावरनं चिडवायची, की बाबांच्या डब्ब्यात अर्धी तर कुस्तीच आहे.

मंगळवारी सकाळी तुकोगंजच्या एका दवाखान्यात यांना दाखल केलं. स्वतःच्या पायांनी चालत आत गेले. तीन दिवस अगदी मजेत होते. नर्सला महूच्या गोष्टी सांगितल्या. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना फुटबॉलचे नियम शिकवले, त्यांना बिचाऱ्यांना ऐकू येत नव्हतं तरी. माझ्या डब्यातली मेथीची भाजी खारट झाली म्हणून टोमणे मारले. मुलीला म्हणाले, "तुझ्या आईला घरी ने, तिच्या कमरेला या बाकड्यावर आराम नाही." मी मुलीला म्हटलं, बघ, बरे दिसतायत. मला खरंच बरं वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या कँटीनमध्ये मुलीनं मला स्कोअर सांगितला. तिथे नळ नव्हता, तरी ती कानाशीच आली. "आई, एक-शून्य जिंकले. मग पेनल्टी. पेनल्टीत गेले." म्हणजे सामना जिंकले आणि स्पर्धेतून बाहेर. जुना नियम असता तर पुढे गेले असते. मी मनात म्हटलं, आज गुणगुणत जायला हवं.

तेवढ्यात डॉक्टरांचं बोलावणं आलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि म्हणाले की रात्री हृदयाचं काम आणखी ढासळलंय, किडनीही साथ देत नाही, ऑपरेशन आता करता येणार नाही. "वेळ थोडा आहे," म्हणाले. "दिवस म्हणता येणार नाहीत." भला माणूस होता, सरळ सांगितलं. मी उठले. तिथनं यांच्या खोलीपर्यंत चाळीसेक पावलं असतील. त्या चाळीस पावलांत मला चेहरा काही ठेवता आला नाही. अठ्ठावीस वर्षांची मास्तरकी गेली चुलीत.

मी आत गेले. नाकाला ऑक्सिजनची नळी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि हसले.

"जिंकलो ना?"

काय बोलणार मी? तोंड पडलेलं म्हणजे जिंकलो, हे आमच्या घरचं गणित. जिंकलो म्हणावं तर खोटं. हरलो म्हणावं तर मग माझं तोंड असं का, हा पुढचा प्रश्न आलाच. शेवटी तोंडातून बाहेर पडला तो सवयीचा कायदा. "सांगणार नाही. घरी चला, बघू."

"बघू," ते म्हणाले.

दुपारी गेले.

लोकांना वाटतं, माणूस गेला की घर सुनं होतं. आमचं नाही झालं. आमच्या घरात एक स्कोअर राहिला, जो यांना कळू द्यायचा नव्हता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला महूहून यांचे एक चुलतभाऊ आले होते, तेही फुटबॉलवाले. भन्तेजींचं झालं, लोक जेवायला बसत होते, आणि हे गृहस्थ हळहळून म्हणाले, "वहिनी, नशीब बघा, त्यांची टीमपण त्याच दिवशी पेनल्टी..." मी ओरडले. "गप्प बसा! एक शब्द बोलू नका!" सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. ते बिचारे हातातली पत्रावळ घेऊन तसेच उभे. मुलीनं मला आत नेलं. सगळ्यांना वाटलं दुःखानं डोकं फिरलंय. माझं डोकं ठिकाणावर होतं. मला फक्त एवढंच कळत होतं, की समोर फोटो आहे आणि त्या फोटोसमोर हे बोलायचं नाही.

तेव्हापासून तो डब्बा माझ्या मागे लागला. यांनी त्यात दर आठवड्याचा एक कार्यक्रम कायमचा लावून ठेवला होता. दुपारी मी एकटी असताना तो आपला आपण जागा व्हायचा. घुर्र आवाज, मग लाल दिवा. पहिल्यांदा झालं तेव्हा मी "आले" म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर धावले. खोटं कशाला बोलू, त्यानंतरही दोन-तीनदा धावले. मुलगी म्हणाली, "आई, मशीन आहे ते, ती सेटिंग मी काढून टाकते." मी म्हटलं, हात लावशील तर याद राख.

आणि दिवस-रात्र एकच विचार. त्या सकाळी त्यांनी माझ्या तोंडावर काय वाचलं? जिंकलो असं वाचलं असेल, तर मी माझ्या माणसाला खोट्या आनंदात निरोप दिला. आयुष्यभर हरणाऱ्या क्लबापाशी इमान राखलेला माणूस, आणि शेवटी मी त्याला फसवलं. आणि जर दुसरं काही वाचलं असेल... ते मी पुढे जाऊच द्यायचे नाही. स्वतःला सांगायचे, की तो सामना मी बघेन, नीट बघेन, शेवटच्या किकपर्यंत, आणि मग त्यांना सगळं सांगेन, की असं असं झालं, मी खोटं बोलले, माफ करा. पण रिमोट हातात घेतला की परत ठेवून द्यायचे. बघितला की संपलं. तोवर ते "बघू" म्हणालेत, ते अजून बघायचेच आहेत, असं काहीतरी मला वाटायचं. वेडेपणा आहे, मला माहीत आहे.

तर डब्बा जाणार शुक्रवारी. मुलगी विजय नगरला एका कंपनीत कामाला आहे, तिनं गुरुवारी सुट्टी घेतली. दुपारची वेळ, कूलर चालू. मी साडी बदलली. कशाला बदलली देव जाणे. सोफ्यावर आम्ही दोघी बसलो, त्यांच्या जागेवर कोणी बसलं नाही.

"लावू?" मुलीनं विचारलं.

"लाव."

तिनं यादी उघडली. किती सामने साठवले होते माणसानं! एकेकाला कुलपाची खूण, म्हणजे डब्बा भरला तरी आपोआप पुसला जाऊ नये. सामन्यांत सगळ्यात वर ग्रीसमधला पहिला सामना. तो होता, कुलपासकट. परतीचा नव्हता.

मुलीनं यादी वर नेली, खाली नेली. "आई, नाहीये."

"नीट बघ. माझ्यासमोर लावला होता."

"पुसला गेला असेल..."

"बाकीचे कसे नाही गेले? सगळे आहेत ना?"

होते सगळे. मग तिला काहीतरी आठवलं. डब्ब्यात आणखी एक यादी असते, जे रेकॉर्डिंग झालंच नाही त्याची. लाइट गेली, सिग्नल गेला, असं कारण लिहिलेलं असतं. तिनं ती उघडली. त्यात तीन ओळी एकाखाली एक होत्या. परतीचा सामना, आणि त्याच्यापुढचे दोन कार्यक्रम. तिन्हींपुढे एकच कारण: वापरणाऱ्यानं रद्द केलं. तारीख मंगळवारची, दवाखान्यात जायची. वेळ सकाळी सात बारा, सात बारा, सात तेरा.

ती मला म्हणाली, "आई, चुकून बटण दाबलं गेलं असेल." मी म्हटलं, "तीनदा?"

सात बाराला मी काय करत होते ते मला स्वच्छ आठवलं. पिशवीत टॉवेल कोंबत होते. गॅसचं बटण बंद केलं, पाण्याची बाटली भरली, आणि दारातून ओरडले, "अहो चला, गाडी खाली आलीय." आतून आवाज आला, "आलो, दोन मिनिटं." मी आणखी एकदा ओरडले, की आता काय टीव्ही लावून बसलात? मग ते आले. चपला घातल्या. जिन्यात माझा हात धरला, मला वाटलं धाप लागली म्हणून.

मला असा संताप आला म्हणून सांगू! उठले आणि त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. उभ्या जन्मात यांना अहोजाहो करणं सोडलं नव्हतं, ते त्या दिवशी सोडलं. "लबाडा! तुला माहीत होतं. मंगळवारीच माहीत होतं. परत येणार नाहीस हे माहीत होतं, आणि मला टॉवेल भरू दिलास? हरलो आपण, ऐकतोयस? जिंकलो एक-शून्यनं आणि पेनल्टीवर हरलो. तुझा तो मेला जुना नियम असता तर पुढे गेलो असतो!" मुलगी मला धरत होती. मी दोन वर्षं दाबून ठेवलेला स्कोअर शेजारच्यांनीही ऐकला असेल.

मग खाली बसले आणि पोटभर रडले. मुलगी म्हणाली, "आई, म्हणजे बाबांना तू फसवलं नाहीस. त्यांनी तुझा चेहरा बरोबर वाचला होता. तुला बोलायला लागू नये म्हणून त्यांनी मॅचचं विचारलं." तिचं बरोबर आहे. हुशार आहे, बापावर गेलीय. तिला वाटलं, यानं मला बरं वाटेल.

शुक्रवारी माणूस आला, डब्बा घेऊन गेला. जाताना त्यानं विचारलं, "माताजी, काही जरूरी रेकॉर्डिंग तर नव्हतं ना?" मी नाही म्हटलं.

दोन वर्षं मी त्या एका सकाळीला धरून बसले होते. माझा चेहरा, माझं खोटं, माझं उत्तर. आता ती सकाळ सुटली आणि मागचे तीन दिवस समोर येऊन उभे राहिले, मंगळवार, बुधवार, गुरुवार. नर्सला गोष्टी सांगणारे, भाजीला खारट म्हणणारे, मजेत असलेले हे. हरलेल्या दिवशी मी अशीच हसत चहा आणायचे, आणि त्यांना दर वेळी कळायचं. मला नाही कळलं. मी त्यांच्या उशाशी बसून पेरू कापत होते, खिडकीच्या जाळीबद्दल बोलत होते, बाकड्याबद्दल कुरकुरत होते. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते एकटे होते, माझ्या हाताच्या अंतरावर. तीन दिवसांत मी एकदाही विचारलं नाही, अहो, भीती वाटतेय का तुम्हाला?